नदीच्या पाण्याचे नमुने घेताना या चुका टाळा

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पुण्याच्या मुळा-मुठेसारख्या नदीचं पाणी तपासताना आकडे बहुतेक वेळा काठावरच बिघडतात. प्रयोगशाळेत ते फक्त उघडकीला येतात, आणि तोवर तो दिवस, ते पाणी निघून गेलेलं असतं. सगळ्यांत जास्त फटका बसतो विरघळलेल्या ऑक्सिजनला, म्हणजे डीओला.

पुलावरून बादली सोडून बाटली भरणं. बादलीत आपटताना पाण्यात हवा मिसळते. प्रदूषित पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी, त्यामुळे रीडिंग फुगतं. प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड करून उभं राहा, म्हणजे पायाने ढवळलेला गाळ बाटलीत येणार नाही. 300 मिलीची बीओडी, म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणीच्या चाचणीची, बाटली पृष्ठभागाखाली साधारण 30 सेंमीवर हळूहळू भरा. बूच लावल्यावर बाटली उलटी करून पाहा. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी ती ओतून नव्याने भरा.

डीओ 'नंतर करू' म्हणून तसाच नेणं. बाटलीतले जिवाणू वाटेतही ऑक्सिजन वापरतच असतात. काठावरच 1 मिली मँगनीज सल्फेट आणि 1 मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. दोन्हींना वेगळं पिपेट हवं, आणि टोक पाण्याखाली. बूच लावून बाटली उलटसुलट करा. साका, म्हणजे तयार होऊन खाली बसणारा घनपदार्थ, तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. तो पांढरा साका पाहून रसायनं खराब झाली असं समजून नमुना फेकू नका. सांडपाण्याच्या नाल्याजवळ हेच खरं उत्तर असू शकतं, फक्त दुसऱ्या बाटलीत खात्री करा. साका अर्ध्यापर्यंत बसल्यावर 1 मिली संहत सल्फ्युरिक आम्ल. आता बाटली अंधारात ठेवून 8 तासांत टायट्रेशन, म्हणजे थायोसल्फेटचं द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजणी, करता येतं.

टायट्रेशनमधली नेहमीची चूक म्हणजे स्टार्च आधीच टाकणं. आयोडिनचा रंग फिकट गवती झाल्यावरच टाका, नाहीतर स्टार्च आयोडिन धरून ठेवतो आणि टायट्रेशनचा शेवटचा बिंदू पुढे सरकतो. निळा रंग गेल्यावर लगेच परतत असेल तर नायट्राइटचा संशय घ्या, त्याचा अडथळा दूर करणारं अझाइड जुनं झालं असेल. रसायनांच्या वर दिलेल्या मात्रा घालून टायट्रेशनला 201 मिली नमुना घेतला, तर 0.025 नॉर्मल (एन) थायोसल्फेटचा 1 मिली म्हणजे लिटरला 1 मिग्रॅ डीओ. थायोसल्फेटची तीव्रता मात्र त्याच दिवशी तपासलेली हवी.

वेळ न पाहता ठिकाणांची तुलना. विठ्ठलवाडीला सकाळी 7 वाजता आणि बंडगार्डनला दुपारी 1 वाजता पाणी घेतलं, तर तुलना ठिकाणांची झाली की वेळांची? शेवाळ भरपूर असलेल्या पाण्यात दुपारी प्रकाशसंश्लेषणाने डीओ संपृक्तीच्या, म्हणजे पाण्यात एरवी मावणाऱ्या ऑक्सिजनच्या, वर जातो आणि पहाटे तळ गाठतो. 30 अंशांना गोड्या पाण्याची संपृक्ती लिटरला सुमारे 7.6 मिग्रॅ, दुपारी 11 आले तर पाणी शुद्ध आहे असं लिहू नका. प्रत्येक ठिकाणी दर फेरीला तीच वेळ ठेवा. तापमान, ढग आणि जलपर्णी किती पसरली आहे हे फील्डबुकात लिहा.

सगळ्यासाठी एकच बाटली. जड धातूंसाठी प्लास्टिकची बाटली, त्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच 2च्या खाली आणा. फॉस्फेटसाठी साबणाने धुतलेली बाटली नको. कपड्यांच्या पावडरमधलं फॉस्फेट तुमच्या निकालात येतं. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा. कोलिफॉर्म जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली, वर थोडी मोकळी जागा. बीओडीचा नमुना बर्फात 4 अंशांजवळ ठेवा, पण गोठवू नका. आपल्याकडे 27 अंशांना 3 दिवसांची चाचणी चालते. 20 अंशांना 5 दिवसांच्या आकड्यांशी तुलना करताना पद्धत लिहा.

बाटल्यांवरची मार्करची नावं बर्फाच्या पाण्यात पुसली जातात. मास्किंग टेपवर पेन्सिलीने लिहा, तोच क्रमांक फील्डबुकात. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून नेऊ नका. 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्येच न्या.

पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सुरू आहे का ते निघण्याआधी पाहा, पात्रात एकट्याने उतरू नका. आम्ल हाताळताना चष्मा आणि हातमोजे हवेत. अझाइड आणि आम्ल एकत्र आले की विषारी वायू सुटतो, म्हणून उरलेली द्रावणं एकाच कॅनमध्ये ओतू नका. नदीत तर नाहीच. वेगवेगळ्या झाकणबंद डब्यांतून परत प्रयोगशाळेत आणा.