उसात बिबट्याची पिल्ले सापडली तर त्यांना आईकडे कसे पोचवावे

गोदाकाठचा आणि दारणाकाठचा ऊस तुटायला लागला की फोन सुरू होतात. कधी निफाडकडून, कधी सिन्नर-दिंडोरीतून, कधी नाशिकला खेटून असलेल्या पळसे-शिंदे भागातून. कोयते चालता चालता पाचटावर दोन-तीन पिल्ले दिसतात आणि घटकाभरात बांधावर गाव जमते. मग सल्ले सुटतात: आई सोडून गेली, दूध पाजा, प्राणिसंग्रहालयात द्या. यातला एकही ऐकू नका. आई कुठेही गेलेली नसते, शेजारच्या उसात दबून असते. बिबट्याचे पिल्लू दीड-दोन वर्षे आईमागे फिरून शिकार शिकते. बाटलीवर वाढवलेल्याला ते शिकवणारे कुणी नसते, त्यामुळे त्याचा सगळा जन्म पिंजऱ्यात जातो. तेव्हा पहिला प्रयत्न आईकडे पोचवण्याचा, निवारा केंद्र त्यानंतर.

तोड लगेच थांबवा, मुकादमाला सांगून टोळी बाहेर काढा, कोपीवरची, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांतली लहान मुले लांब न्या आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

पिल्लू कोणाचे ते लांबूनच पाहा. अंगभर दाट काळे ठिपके आणि शरीराच्या मानाने मोठे पंजे असतील तर बिबट्या. मातकट अंगावर पुसट पट्टे असतील तर रानमांजर. मुठीत मावेल एवढे, कपाळावर रेघा आणि तांबूस ठिपके असतील तर वाघाटी. तिन्हींना आईच हवी असते, आणि मांजराचे म्हणून घरी नेलेले रानमांजरही वन्यजीवच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. पिल्लू घरी नेणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

गाईचे दूध पाजू नका. ते पचत नाही, हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातले पाणी बघता बघता कमी होते. काय द्यायचे ते पशुवैद्यक ठरवतील. ते पिल्ले तपासतील, गोचीड काढतील, जखम असेल तर उपचार करतील. माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही, हे साफ खोटे आहे. डॉक्टरांनी हाताळलेली पिल्लेही माद्या घेऊन जातात. हातमोजे घालायचे ते पिल्लांना आणि आपल्याला रोग लागू नये म्हणून.

आता संध्याकाळ. मला सगळ्यात जड गेलेला टप्पा हाच, आणि बहुतेक प्रयत्न इथेच फसतात.

जागा बदलायची नाही. पिल्ले जिथे सापडली तिथेच आई शोधायला येते. त्यामुळे उचलतानाच त्या सरीत काठी रोवून खूण करून ठेवा. सगळा फड रिकामा झाल्यावर मादी उघड्या रानात पाऊल टाकायला कचरते, म्हणून खुणेभोवतीचा ऊस आणि तिथून शेजारच्या उसापर्यंत सात-आठ सऱ्यांचा पट्टा उभा ठेवा. एवढ्या उसासाठी शेतकऱ्याशी घासाघीस करावी लागली तर करा, पण हा पट्टा सोडू नका.

पिल्ले ठेवायला टोमॅटोचे कॅरेट उत्तम. त्याला भोके असतात, वास आणि आवाज दोन्ही बाहेर जातात. तळाशी त्याच सरीतले पाचट घाला, घरची गोधडी नको. डोळे न उघडलेली पिल्ले उघड्या कॅरेटमध्ये ठेवतात. चालणारी असतील तर कॅरेट पालथे घालतात, म्हणजे ती भरकटत नाहीत. वर दगड ठेवायचा आग्रह कुणीतरी धरतोच, ठेवू देऊ नका. आईने पंजा मारला की कॅरेट उलटले पाहिजे. हे सगळे सूर्य मावळायच्या आत वन कर्मचाऱ्यांनी उरकायचे, समोर ट्रॅप कॅमेरा (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) बांधायचा आणि मागे न बघता निघायचे.

त्यानंतरची खरी मेहनत माणसांवर. पोलीस पाटील आणि सरपंचांना दुपारीच गाठा. त्या रात्री त्या शिवारात पाण्याची मोटार चालू करायला कुणी जायचे नाही, बॅटरी मारायची नाही, दुचाकी न्यायची नाही, फटाके तर अजिबात नाहीत. मोबाइलवर व्हिडिओ काढायला उसात शिरणारी पोरे स्वतःचा जीव धोक्यात घालतात आणि मादीला रात्रभर अडवून धरतात. मादी एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. एक गेले, एक राहिले, म्हणून मध्येच बघायला जाऊ नका. ती परत येणार असते.

पिल्ले आमिष म्हणून ठेवून आईसाठी पिंजरा लावा, अशी मागणी हमखास होते. माझा याला ठाम विरोध आहे. जुन्नर भागात 2001 नंतर बिबटे धरून दुसरीकडे सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले वाढले होते. पिल्ले घेऊन निघून जाणारी मादी हीच गावासाठी सगळ्यात सुरक्षित.

पहाटे कॅरेट उलटलेले आणि रिकामे दिसले तर काम झाले. पिल्ले तिथेच असतील तर दिवसभर डॉक्टरांच्या देखरेखीत ठेवून संध्याकाळी पुन्हा त्याच जागी ठेवायची. एका रात्रीत हार मानू नका. दोन-तीन रात्री गेल्या, पिल्लू खंगत चालले किंवा आई मेल्याची खात्री झाली, तरच केंद्राचा विचार. नाशिकच्या पिल्लांवर म्हसरूळच्या उपचार केंद्रात उपचार होतात, जन्मभराचा सांभाळ जुन्नरजवळच्या माणिकडोहला होऊ शकतो. निर्णय वन विभागाचा. तिथेही भेटायला, फोटो काढायला जाऊ नका.

उभा ठेवलेला पट्टा लगेच तोडायची घाई नको, दोन दिवस जाऊ द्या. मग दिवसाउजेडी, मोठ्याने बोलत, एकाच बाजूने तोडत जा आणि शेजारच्या उसाकडची बाजू शेवटपर्यंत मोकळी ठेवा. तो ऊस पेटवून तर मुळीच तोडू नका.