जुन्या थिन क्लायंटवर अभ्यासिकेची लॅब: डब्यात हार्ड डिस्क नाही, सगळं नेटवर्कवरून

लातूर घ्या, नांदेड घ्या, परभणी घ्या, गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्यात आणि तलाठी भरतीसारख्या परीक्षा कॉम्प्युटरवर व्हायला लागल्यापासून पोरांना स्क्रीनवर प्रश्न सोडवायची सवय पाहिजे असते, त्यामुळं बरेच जण विचारायलेत की आठ-दहा कॉम्प्युटर स्वस्तात कसे बसवायचे. नवे डेस्कटॉप परवडत नाहीत, जुने डेस्कटॉप घेतले की हार्ड डिस्क मरते, व्हायरस येतो, प्रत्येक मशीनवर वेगळं विंडोज टाकत बसा. त्यापेक्षा बँका, कॉल सेंटर, हॉस्पिटलची काउंटर यांनी काढून टाकलेले थिन क्लायंट, म्हणजे सर्व्हरच्या भरवशावर चालणारे छोटे कॉम्प्युटर, पुढं यांनाच डबा म्हणतोय, ते घ्या आणि लिनक्स नेटवर्कवरून बूट करा. नव्या एका डेस्कटॉपच्या पैशात असे पाच-सहा डबे येतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, डब्यात पैसे वाचवा पण नेटवर्क स्विच (सगळ्या लॅन वायरी जोडायचं यंत्र), वायर आणि इन्व्हर्टरमध्ये वाचवू नका, कारण लॅब बंद पडते ती नव्वद टक्के वेळा या तिघांपायी.

हां, आणि एखादं विंडोजवरच चालणारं टायपिंगचं किंवा अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर तुमच्या रोजच्या कामाचं असेल तर हा मार्ग तुमचा नाही. ब्राउझर, लिब्रेऑफिस, पीडीएफ, व्हिडिओ लेक्चर एवढ्यावर भागत असेल तरच पुढं वाचा.

होतं काय ते थोडक्यात. डबा चालू झाला की त्याच्या लॅन कार्डातला पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून बूट करायची सोय, ओरडून विचारतो की मला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्या आणि बूट करायची फाईल कुठंय ते सांगा. डीएचसीपी (आयपी वाटणारी सेवा) उत्तर देतो, टीएफटीपीवरून (फाईल पाठवायची साधी पद्धत) छोटी फाईल येते, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (बूट व्हायला लागणाऱ्या फाईलींचं गाठोडं), आणि शेवटी सर्व्हरवर कॉम्प्रेस करून ठेवलेली अख्ख्या सिस्टीमची एकच इमेज, म्हणजे एका फाईलीतली प्रत, एनएफएसवरून (दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर नेटवर्कवरून वापरायची सोय) उघडते. लक्षात घ्यायची गोष्ट ही की प्रोग्राम चालतात डब्याच्याच प्रोसेसर-रॅमवर, सर्व्हर फक्त फाईली पुरवतो. म्हणून सर्व्हर लई भारी लागत नाही, पण डबा अगदीच मेंगळट असेल तर यूट्यूब अडकणारच. हे सगळं जमवून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे एलटीएसपी, लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट. १९९९ पासूनचं आहे, २०१९ मध्ये पूर्ण नव्यानं लिहिलं गेलं, म्हणून नेटवर त्याआधीचे लेख सापडले तर सोडून द्या, त्यातल्या कमांडच आता नाहीत.

आता डबा कोणता घ्यायचा. एचपी टी५२० आणि टी६२० चांगले, टी६२० मध्ये चार कोरचा मिळाला तर अजून चांगलं. डेलचा वाईज ५०२० पण चालतो. वाईज ३०४० दिसायला एकदम गोंडस आणि वीज नावालाच खातो, पण त्यात २ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, वाढवता येत नाही, आणि आजच्या फायरफॉक्सला २ जीबी म्हणजे चार टॅबनंतर रडारड. ४ जीबी धरूनच चला. टी५२० मध्ये लॅपटॉपची डीडीआर३एल रॅम बसते, जुन्या बंद लॅपटॉपमधून काढून टाकता येते, फक्त स्टिकरवर पीसी३एल लिहिलेलं बघा, त्यातला एल महत्त्वाचा.

घेऊ नयेत असे डबे पण सांगतो, कारण दुकानदार सगळ्यालाच थिन क्लायंट म्हणतो. एचपी टी५७४० आणि वाईजचा सी क्लास ३२ बिटचे आहेत, आजची ६४ बिट इमेज त्यावर चढतच नाही, स्क्रीनवर कर्नल म्हणतो मला एक्स८६-६४ सीपीयू पाहिजे, इथं आय६८६ सापडला, आणि तिथंच थांबतो. एचपी टी४१० आणि वाईज टी१० मध्ये मोबाईलसारखी एआरएम चिप आहे, ही इमेज त्यावर चालत नाही, तेही नको. ज्यावर झीरो क्लायंट किंवा पीसीओआयपी लिहिलंय तो तर अजिबात नको, तो फक्त दुसऱ्या कॉम्प्युटरचं चित्र दाखवणारा डबा आहे. शाळांच्या जुन्या लॅबमधले एनकम्प्युटिंग एल३०० कुणी किलोच्या भावात देत असेल तरी या कामाचे नाहीत.

दुकानातच चालू करून बघा, घरी आणून नाही. अडॅप्टर सोबत पाहिजे आणि ओरिजिनल पाहिजे, एचपीच्या पिनचा वेगळा अडॅप्टर शोधत बसलात तर वाचवलेले पैसे तिथंच जातात. बायोसला (डब्याच्या मूळ सेटिंगचा स्क्रीन) पासवर्ड आहे का बघा. वाईजवर कारखान्यातला पासवर्ड फायरपोर्ट असतो, पहिलं अक्षर कॅपिटल, एचपीवर मात्र आधीच्या कंपनीनं स्वतःचा पासवर्ड टाकला असेल तर दुकानदाराकडूनच काढून घ्या. मॉनिटर जुना व्हीजीएवाला असेल तर डब्याला व्हीजीए आहे का तेही तपासा, नुसताच डिस्प्लेपोर्ट असेल तर ॲक्टिव्ह कन्व्हर्टरचा खर्च धरा. आणि आत एक सीआर२०३२ बटण सेल असतो, इतक्या वर्षांत तो गेलेलाच असतो, सगळ्या डब्यांचे एकदमच बदलून टाका, नाहीतर लाईट गेली की डबा तारीख विसरतो आणि काही डबे बूट ऑर्डर (आधी कुठून बूट करायचं तो क्रम) पण, मग रोज सकाळी एफ१२ दाबत फिरा.

सर्व्हरला एक बरा डेस्कटॉप बास, ८ जीबी रॅम, एसएसडी आणि गिगाबिट लॅन. त्यावर लिनक्स मिंट एक्सएफसीई टाका. उबंटू पण चालतं, पण त्यातला फायरफॉक्स स्नॅप नावाच्या बंदिस्त पॅकेजमधून येतो आणि नेटवर्कवरच्या होम फोल्डरशी स्नॅपचं फारसं जमत नाही, मिंटमध्ये तो साधा डेब पॅकेजमधून येतो. सर्व्हरला दोन लॅन कार्ड ठेवा असं मी तरी म्हणीन, एक राउटरला आणि एक लॅबच्या स्विचला, दुसरं यूएसबीचं असलं तरी चालतं. त्या दुसऱ्या कार्डाला १९२.१६८.६७.१ हा पक्का आयपी द्या. एकाच कार्डावर पण होतं, तेव्हा आयपी राउटर देतो आणि एलटीएसपी फक्त बूटची माहिती देतो, पण मग राउटर बंद म्हणजे लॅब बंद.

कमांड इथं उच्चाराप्रमाणं लिहितोय, टर्मिनलात अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरात टाइप करायच्या आणि प्रत्येकीच्या आधी सुडो. आधी एलटीएसपीचा पीपीए (सॉफ्टवेअर मिळायचा ऑनलाइन साठा) जोडा, मग ॲप्ट या इन्स्टॉल करायच्या कमांडनं एलटीएसपी, एलटीएसपी-बायनरीज, डीएनएसमास्क, एनएफएस-कर्नल-सर्व्हर, ओपनएसएसएच-सर्व्हर, स्क्वॉशएफएस-टूल्स, ईथटूल आणि एपोप्टेस ही पॅकेजं टाका. पुढं एलटीएसपी डीएनएसमास्क चालवा, दोन कार्डं असतील तर त्याला प्रॉक्सी-डीएचसीपी बरोबर शून्य हा ऑप्शन जोडा. मग एलटीएसपी इमेज आणि पुढं एक स्पेस देऊन स्लॅश, म्हणजे सर्व्हरवर जे काय आहे त्याचीच इमेज बनते, याला वेळ लागतो, चहा पिऊन या. मग एलटीएसपी आयपीएक्सई, एलटीएसपी एनएफएस आणि शेवटी एलटीएसपी इनिटआरडी. दोन कार्डांच्या मांडणीत एलटीएसपी डॉट कॉन्फ फाईलमध्ये सर्व्हर सेक्शनखाली नॅट बरोबर १ लिहा म्हणजे डब्यांना सर्व्हरमधून इंटरनेट मिळेल.

यातल्या दोन कमांड पाठच करून ठेवा. सर्व्हरवर नवीन सॉफ्टवेअर टाकलं किंवा अपडेट केलं की इमेज परत बनवायची. नवीन युजर जोडला किंवा कॉन्फ फाईलमध्ये काही बदललं की इनिटआरडी परत चालवायची. "नवीन पोराचं लॉगिन सर्व्हरवर होतंय पण डब्यावर होईना गेलंय" ही तक्रार आली की समजा इनिटआरडी राहिलीय, दुसरं काही शोधत बसू नका.

मराठीसाठी लोहित देवनागरी फाँट आणि आयबस एम१७एन (मराठी टायपिंगचं पॅकेज) इमेज बनवायच्या आधीच टाका, मग प्रत्येक डब्यावर इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडता येतो.

आता डब्याच्या बायोसमध्ये जा, एचपीवर एफ१०, वाईज ५०२० वर डिलीट, ३०४० वर एफ२. सिक्युअर बूट बंद, नेटवर्क बूट चालू आणि सगळ्यात वर. वायफायवरून हे बूट होत नाही, वायर लागतेच.

वायरीबद्दल मात्र जरा जास्त बोलतो. स्विच गिगाबिट घ्या. १०० एमबीपीएसचा जुना स्विच म्हणजे सर्व्हरकडून सेकंदाला जेमतेम १२ एमबी निघणार, सकाळी आठ डबे एकदम चालू केले की प्रत्येकाच्या वाट्याला दीड एमबी, पोरं वैतागतात आणि म्हणतात लिनक्स स्लो आहे. नुसता स्विच बदलून पण होत नाही, गिगाबिटला वायरीतल्या आठही तारा लागतात आणि आपल्याकडं क्रिंपिंग करणारे कधी चारच जोडतात कारण १०० ला तेवढ्या पुरतात. सर्व्हरवर ईथटूल पुढं कार्डाचं नाव देऊन बघा, स्पीड १०० दाखवत असेल तर आधी कनेक्टर कापून परत मारा. वायर शुद्ध तांब्याची मागा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते ती नको. कुठल्या ऑफिसातून काढलेला मॅनेज्ड स्विच (ज्यात सेटिंग बदलता येतात तो) मिळाला असेल आणि डबा आयपी न मिळताच हात टेकत असेल तर त्यात बहुतेक स्पॅनिंग ट्री (वायरींचं वेटोळं झालंय का ते तपासणारी सोय) चालू असणार, पोर्ट अर्धा मिनिट गप्प बसतं आणि तोवर पीएक्सईचा टाइमआउट होतो. स्विचच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टला पोर्टफास्ट (न थांबता लगेच चालू होणं) चालू करा, सुटतं.

आता लोडशेडिंग. डबा साधारण १५ वॉट धरा, छोटा एलईडी मॉनिटर २०, आठ जागांचे झाले २८०, सर्व्हर आणि स्विचचे ७० धरले तर साडेतीनशे वॉट. दीडशे एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-अवर देते, नुकसान आणि बॅटरी पूर्ण न उतरवणं धरलं तर तीन-साडेतीन तास हातात येतात. तेवढेच आठ जुने डेस्कटॉप असते तर यापेक्षा लई कमी वेळ मिळाला असता राव. पण लोक काय करतात, सर्व्हर इन्व्हर्टरवर घेतात आणि कोपऱ्यातला स्विच साध्या बोर्डावर ठेवतात. लाईट गेली की डबे चालू, सर्व्हर चालू, आणि आठही स्क्रीन जागच्या जागी गोठतात कारण त्यांची अख्खी सिस्टीमच वायरीच्या पलीकडं आहे. थोड्या वेळात स्विच परत आला तर बहुतेक वेळा डबे आहे तिथून पुढं चालू होतात, म्हणून लगेच बटण दाबून बंद करू नका. सर्व्हरच रीस्टार्ट झाला असेल तर मात्र सगळे डबे रीस्टार्ट करणं सोपं. इन्व्हर्टरवर जाताना एक झटका बसतो त्यासाठी सर्व्हरला वेगळा छोटा यूपीएस पण लावा.

एप्रिल-मे मधलं आपल्याकडचं ऊन डोक्यात ठेवून डबे मांडा. यातल्या बऱ्याच डब्यांना पंखा नसतो, अंगानंच गार होतात, म्हणून एकावर एक रचायचे नाहीत, मॉनिटरच्या मागं चिकटवून भिंतीला दाबायचे नाहीत, स्टँडवर उभे ठेवायचे. पत्र्याची खोली असेल तर दुपारी कूलर पाहिजेच, पण कूलरचं तोंड डब्यांकडं नको, त्या ओलसर वाऱ्यात धूळ आत चिकटून बसते.

रोजच्या वापरात आधी टाकलेलं एपोप्टेस हे लॅबवर लक्ष ठेवायचं सॉफ्टवेअर लई कामाला येतं, एका जागेवरून सगळ्यांच्या स्क्रीन दिसतात, मॉक टेस्टला कुणी दुसरंच काही उघडलं की कळतं, आणि रात्री सगळे डबे एका क्लिकवर बंद. ज्या युजरनं बघायचं त्याला एपोप्टेस ग्रुपमध्ये टाकायला विसरू नका. प्रत्येकाला वेगळं लॉगिन नको असेल तर कॉन्फ फाईलमध्ये डब्याच्या मॅक ॲड्रेसचा (लॅन कार्डाचा कायमचा नंबर) सेक्शन करून ऑटोलॉगिन लावता येतं, पण त्यातला पासवर्ड फक्त बेस६४ मध्ये असतो, ते कुलूप नाही, नुसती लिहायची वेगळी पद्धत आहे, कुणीही उलगडून वाचू शकतो, त्यामुळं हे गेस्ट युजरपुरतंच ठेवा, स्वतःच्या ॲडमिन अकाउंटला चुकूनही नाही.

आणि एक डबा जास्तीचा घेऊन कपाटात ठेवा. एखादा गेला तर वायरी काढून दुसऱ्याला लावायच्या, आत काहीच साठवलेलं नसल्यामुळं पोरांच्या फाईली सर्व्हरवर जशाच्या तशा राहतात. मॅकनुसार ऑटोलॉगिन लावलेलं असेल तर कॉन्फमधला तेवढा मॅक बदला आणि इनिटआरडी परत चालवा.