जुन्या शेवी ट्रकचा हीटर कोर मागवताय? आधी हे बघा

१९६७ ते ७२ च्या शेवी (शेव्हरोले) सी-१० पिकअप ट्रकसाठी हीटर कोर, म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्याने केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, शोधताना नुसतं वर्ष आणि मॉडेल टाकून ऑर्डर करू नका, कारण कंपनीचा एसी असलेल्या ट्रकचा कोर वेगळा आणि बिनएसीचा वेगळा, आणि इतक्या वर्षांत मधल्या कुठल्या मालकाने काय बदललंय देव जाणे. जुना कोर बाहेर काढा, लांबी, रुंदी, जाडी टेपने मोजा, आणि मुख्य म्हणजे दोन्ही नळ्यांमधलं अंतर आणि त्या कुठल्या बाजूने निघतात ते बघा, फोटो काढून ठेवा. एक नळी साधारण ५/८ इंची, दुसरी ३/४ इंची असते, त्यामुळे होज (रबरी पाइप) पण दोन मापांचे लागतात.

होज चिकटून बसला असेल तर पिळून ओढू नका, ब्लेडने उभा चिरा, नाहीतर नळीचं सोल्डर उखडतं. जुना तांब्या-पितळेचा कोर नुसता गळत असेल तर आधी रेडिएटरवाल्याला दाखवा, माझ्या मते स्वस्तातल्या ॲल्युमिनियमपेक्षा तो झाळून घेतलेला बरा. बसवताना कडेने फोमची पट्टी नवीनच लावा, फट राहिली की हवा बाजूनेच निघून जाते आणि केबिन गारच.