फॅक्टरीची बोल्ट रायफल ट्रू करून घ्यावी का?

रविवारी कोलंबसहून नीलेशचा फोन आला. "दादा, गनस्मिथ म्हणतोय ॲक्शन ट्रू करून घे, चारशे डॉलर होतील. करू का?" ॲक्शन म्हणजे रायफलचा गाभा: रिसीव्हर हे पोलादी घर, आणि त्यात पुढे-मागे सरकून काडतूस आत कोंडणारा दांडा म्हणजे बोल्ट. मी विचारलं, "नळी बदलतोयस का?" म्हणाला, "नाही, नळी आहे तीच ठेवणार." "मग नको करू," म्हटलं. एका वाक्यात सांगायचं तर उत्तर एवढंच आहे. पण त्याने का म्हणून विचारलं, आणि ते सांगायला पाऊण तास गेला. तेच इथे लिहून ठेवतो, कारण इकडे अमेरिकेत रेंजवर येणारी आपली मराठी मुलं हाच प्रश्न वरचेवर विचारतात.

मी भोसरीत टूलरूममध्ये अकरा वर्षं काढली, आता पेनसिल्व्हेनियात ईरीला डाय बनवतो. ईरी हे टूल अँड डायवाल्यांचंच गाव. ट्रू करणं हा शब्द त्यामुळे माझ्या रोजच्या कामातला: जॉब चकमध्ये धरायचा, डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं माप, लावायची, काटा हलायचा थांबेपर्यंत ठोकून सेंटरला आणायचा. रायफलचं ट्रू करणंही तेच. माझी रायफल रेमिंग्टन ७००, .३०८ काडतुसाची, जाड नळीची, सेकंडहँड घेतलेली. उदाहरणं तिचीच देतो.

७०० बाजारात आली १९६२ साली. तिचा सांगाडा १९४८ च्या ७२१ आणि ७२२ या मॉडेलांवरून आलेला. त्यामागची हुशारी अशी की रिसीव्हर गोल बारमधूनच काढायचा, म्हणजे काम झटपट आणि स्वस्त. रिकॉइल लग, म्हणजे गोळी सुटतानाचा धक्का स्टॉकवर (दस्त्यावर) देणारा तुकडा, तोसुद्धा वेगळा ठेवला. जाड वॉशरसारखा तो तुकडा नळीचा खांदा आणि रिसीव्हरचं तोंड यांच्या मध्ये दाबून बसतो. बोल्टचं हँडल ब्रेझिंगने जोडलेलं. डिझाइन सुंदरच आहे. पण टूलरूमच्या माणसाला लगेच दिसतं की इथे चार-पाच तोंडं एकावर एक रचली आहेत आणि प्रत्येकाची चूक पुढच्यात मिसळते. त्यातून घाऊक उत्पादन, म्हणजे एखादी ॲक्शन नेटकी निघते आणि शेजारची नाही.

ट्रू करताना गनस्मिथ बोल्ट ज्या बोअरमधून सरकतो त्याचा अक्ष पकडतो आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवतो. रिसीव्हरचं तोंड काटकोनात आणायचं. आतल्या ज्या कडांवर बोल्टचे लग, म्हणजे त्याला जागी अडकवणारे दोन दात, टेकतात त्या साफ करायच्या. लगांची मागची बाजू आणि बोल्टचं तोंड फेस करायचं, म्हणजे सपाट कापायचं. रिसीव्हरमधले नळी बसवायचे आटे त्याच अक्षावर सिंगल पॉइंट, म्हणजे एकाच टोकाच्या, टूलने पुन्हा काढायचे. रिकॉइल लग सरफेस ग्राइंडरवर समांतर करायचा, नाहीतर सरळ नवा जाड लग घालायचा. चुका किती मोठ्या असतात? माझ्या रिसीव्हरमध्ये मँड्रेल, म्हणजे नेमक्या मापाचा दांडा, घालून तोंडावर डायल फिरवली तेव्हा काटा चार थाउ हलला. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन. भोसरीतले आमचे जुने फिटरही थाउच म्हणायचे. चार थाउ म्हणजे १०० मायक्रॉन. डायमध्ये एवढी चूक निघाली असती तर सुपरवायझरने जॉब माझ्यासमोर भंगारात टाकला असता.

लगांची गोष्ट घरी स्वतःच्या डोळ्यांनी बघता येते. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. बोल्ट बाहेर काढून फायरिंग पिनचा संच वेगळा करा; त्याचं छोटं हत्यार मिळतं. संच तसाच ठेवून तपासलंत तर फसाल, कारण खटका चढलेला असताना सिअर, म्हणजे फायरिंग पिन अडवून धरणारा भाग, बोल्टची शेपटी वर उचलतो आणि वरचा लग कडेपासून सुटतो. मग दोन्ही लगांच्या मागच्या बाजूला काळा मार्कर फासा, बोल्ट आत घाला, मागे ओढ देत पंधरा-वीस वेळा उघडबंद करा आणि बाहेर काढून बघा. माझ्या एका लगावरचा काळा रंग घासून लख्ख पोलाद दिसत होतं, दुसऱ्यावर मार्कर जसाच्या तसा. म्हणजे बोल्ट एकाच पायावर उभा. .३०८ च्या काडतुसाचा दाब चौरस इंचाला ६२,००० पाउंडांपर्यंत जातो. त्या धक्क्याने बोल्ट तिरपा मागे जातो, दुसरा लग टेकतो, आणि गोळी तेव्हा अजून नळीतच असते.

एवढं बघितल्यावर मन म्हणतं, बस, रोग सापडला. माझंही तसंच झालं होतं. पण चूक दिसणं आणि त्याच चुकीमुळे गोळ्या पसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गनस्मिथकडे जाण्याआधी त्यांची फारकत करायलाच हवी.

माझी रायफल तेव्हा १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, दीड ते पावणेदोन इंचांत टाकायची. पहिलं काम, स्क्रू. ॲक्शनचे दोन्ही स्क्रू टॉर्क रेंचने तपासले तर मागचा बोटाने फिरण्याइतका सैल. माझ्या स्टॉकमध्ये स्क्रूंभोवती ॲल्युमिनियमचे पिलर, म्हणजे नळकांडी, आहेत, त्यामुळे ६५ इंच-पाउंडांवर आवळला. लाकडाला एवढा ताण देऊ नका, स्टॉकवाल्याने दिलेला आकडा पाळा. स्कोपच्या बेसचे आणि रिंगांचे स्क्रूही याच वेळी बघा. दुसरं, एक डॉलरची नोट नळीखाली सरकवा आणि रिसीव्हरपर्यंत ओढत न्या. कुठे अडकली तर तिथे स्टॉक नळीला टेकतोय. काही फॅक्टरी स्टॉकच्या टोकाला मुद्दाम दाब दिलेला असतो, तेव्हा दिसला उंचवटा की घास, असं करू नका. तिसरं, नळीतलं तांबं. जुन्या नळीला कॉपर सॉल्व्हंट लावला की नळीतून फिरवलेले कापडाचे पॅच निळे निघत राहतात. पांढरा पॅच येईपर्यंत थांबायचं नाही. चौथं, नळीचं टोक भिंगाखाली बघा. काठावर साधा ओरखडा असला तरी गोळी सुटताना मागचा वायू एका बाजूने निसटतो, आणि क्राउन, म्हणजे हाच काठ, पुन्हा काढायला ट्रूइंगच्या मानाने किरकोळ पैसे पडतात. पाचवं, ज्याच्यावर भरवसा आहे असा दुसऱ्या रायफलवरचा स्कोप लावून बघा.

आणि मग काडतुसं. तीन वेगवेगळी मॅचची काडतुसं घ्या. मी फेडरल गोल्ड मेडलची, १६८ ग्रेन वजनाच्या गोळीची, मोजमापासाठी धरतो, कारण .३०८ ची बरी नळी ती सहसा नाकारत नाही. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर निर्णय घेऊ नका. तीन गोळ्या योगायोगानेही अर्ध्या इंचात जातात, मग माणूस तो कागद पाकिटात घालून फिरतो आणि पुढचे सहा महिने त्याच कागदाच्या मागे लागतो. पाच-पाचचे पाच ग्रुप मारा, नळी गार होऊ द्या, पाचही मोजा, सरासरी काढा. एकही कागद फेकायचा नाही.

एवढ्यावर माझी रायफल सरासरी सव्वा इंचाच्या आत आली. ॲक्शनला हातही लावला नव्हता. चार थाउची चूक तशीच होती, एकच लग टेकत होता, तरीही. हरणाच्या शिकारीला एवढी अचूकता पुरून उरते.

दोन हंगामांनी नळीच थकली. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, पुढे जिथे गोळीला फिरवणाऱ्या खाचा सुरू होतात तिथली जागा बोअरस्कोपमध्ये वाळलेल्या तळ्यासारखी भेगाळलेली दिसली. तेव्हा मी ट्रू करून घेतली, आणि तीच योग्य वेळ होती. एक तर नळी उतरवलीच होती, आणि बरीच मेहनत त्यातच जाते. दुसरं म्हणजे रिसीव्हरचं तोंड कापलं की नळीचा खांदा मागे सरकतो, लग आणि आतल्या कडा कापल्या की बोल्टही मागे सरकतो, आणि हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड आणि चेंबर यांच्यात काडतुसाला मिळणारी जागा, बदलते. नव्या नळीचं चेंबर त्या मापाला काढता येतं. जुनी नळी परत लावायची तर तिचा खांदा मागे घ्या, चेंबर पुन्हा रीम करा, म्हणजे नव्या नळीइतकीच मजुरी झिजलेल्या नळीवर घालवा. नीलेशला नको म्हटलं ते यासाठी.

नव्या नळीनंतर सरासरी साडेसहा दशांश इंचावर आली. यातला वाटा ट्रूइंगचा किती आणि नळीचा किती, हे माझ्या रायफलवरून कोणी सांगू शकणार नाही, कारण दोन्ही एकदमच झालं. माझं मत विचाराल तर मोठा वाटा नळीचा. सरळ तोंड आणि सरळ आटे यांनी त्या चांगल्या नळीला सरळ बसायला जागा दिली.

आता हिशेब. मला दोन ठिकाणी ट्रूइंगचे ३०० आणि ३७५ डॉलर सांगितले होते, वर नळी आणि ती बसवण्याची मजुरी मिळून आठशेच्या आसपास. तेवढ्यात, थोडे घालून, आज कस्टम ॲक्शन येते. सीएनसीवर बनलेली, मुळातच सरळ, रिकॉइल लग अंगचाच, आणि तयार चेंबर केलेली नळी सरळ फिरवून बसते. शून्यातून सुरुवात करणाऱ्याने फॅक्टरी ॲक्शन विकत घेऊन ती ट्रू करण्याच्या फंदात पडू नये असं मला ठामपणे वाटतं. ॲक्शन आधीच घरात असेल, तिच्यावर जीव असेल आणि नळी संपली असेल, तरच हे गणित जमतं.

रायफल कोणती, त्यावरही आहे. सॅव्हेज ११० मध्ये बोल्टचं डोकं सुटं असतं, ते दाब आल्यावर आपणहून बसतं, आणि नळी नटने आवळलेली. तिथे पैसे नळीवर घाला. टिक्का फिनलंडमधून येते ती बहुधा इतकी सरळ की मी डायलही काढणार नाही. जुनी माउझर ९८ असेल तर विशेष जपा: तिचं पोलाद वरच्या थरापुरतंच कडक केलेलं असतं. लग लॅप करताना, म्हणजे घासून जुळवताना, तो थर कापला गेला तर आतला मऊ भाग दाबाने बसत जातो आणि हेडस्पेस वाढत राहते. आणि २००६ ते २०१४ च्या दरम्यानची ७०० सेकंडहँड घेतली असेल तर ट्रूइंग राहू द्या, आधी तिचा एक्स-मार्क प्रो खटका बघा. रेमिंग्टनने तो २०१४ मध्ये परत मागवला होता. तुमच्या रायफलचं ते काम झालंय का, हे सीरियल नंबरवरून विचारून घ्या.

गनस्मिथ ठरवताना दर शेवटी विचारा. आटे लेथवर सिंगल पॉइंटने काढणार की टॅपने? मोठे काढणार का? बरेच जण आटे दहा थाउ मोठे करतात. ते काम चांगलं असतं, पण मग बाजारातली तयार नळी त्या रिसीव्हरला कधीच बसत नाही, दर वेळी त्याच्याच दारात जावं लागतं. मी "मूळ मापाच्या शक्य तितकं जवळ" असं कागदावर लिहून घेतलं. हेडस्पेस कुठल्या गेजने तपासली, हेही लिहून मागा.

एक प्रश्न मात्र मी विचारला नव्हता, आणि तो मला महाग पडला. लग कापले की बोल्ट मागे येतो, त्याबरोबर हँडलही मागे येतं. हँडल उचलताना ते रिसीव्हरच्या एका उतारावर घासून बोल्टला जरासा मागे रेटतं आणि चिकटलेली पुंगळी सुटी करतं. हँडल मागे सरकलं की ती पकडच जाते. माझी रायफल परत आली, उन्हाळ्यात रेंजवर छान चालली. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, हंगामाच्या पहिल्या सकाळी, जंगलात बोल्ट वर उचलला गेला पण मागे येईना. बर्फात गुडघा टेकून तळहाताने ठोकून काढावा लागला. दुसऱ्या गनस्मिथने फीलर गेज घालून फट दाखवली, हँडल सुटं करून पुढे सरकवून टिग वेल्डने पुन्हा जोडलं. ९० डॉलर आणि पाच आठवडे. तेव्हा विचारा: "लग कापल्यावर हँडलचं टायमिंग तपासून देणार का?" या प्रश्नावर गोंधळणाऱ्याकडे रायफल ठेवू नका.

कायद्याचं थोडक्यात. गनस्मिथकडे फेडरल लायसन्स हवंच. रायफल त्याच्याकडे रात्रभर राहिली की तिचा सीरियल नंबर त्याच्या वहीत चढतो. एच-वन-बी किंवा दुसऱ्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायलाच संघीय मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना हा एक अपवाद, पण त्याच्या भरवशावर राहण्याआधी वकिलाशी बोला. महाराष्ट्रातल्या मित्रांनी परवान्याची रायफल ओळखीच्या लेथवाल्याकडे नेऊ नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो. तिकडे कोणी .२२ ची मॅच रायफल मारत असेल तर त्याला या सगळ्याची गरजच पडत नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ज्या ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्या खेळात वेळ जातो तो काडतुसांचे वेगवेगळे लॉट मारून आपल्या नळीला कुठला मानवतो ते शोधण्यात.

नीलेशला मी माझा टॉर्क रेंच पाठवलाय. येत्या शनिवारी तो पाच-पाचचे पाच ग्रुप मारणार आहे. पाचही कागदांचे फोटो पाठव म्हटलंय, वाईट आले तरी.