पाथ परस्पर बदलणाऱ्या लायब्ररी: या चुका टाळा

लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड, बसवल्याबरोबर तिच्या कमांड चालल्या पाहिजेत, म्हणून संगणकाचा पाथ तिनेच बदलावा, अशी मागणी नवशिके सतत करतात आणि काही लायब्ररींचे लेखक ती पूर्णही करतात. मला हे मान्य नाही. टाइप केलेली कमांड कोणकोणत्या फोल्डरांत आणि कोणत्या क्रमाने शोधायची, हे पाथ ठरवतो, आणि त्या संगणकावरचे सगळे प्रोग्राम त्यावर अवलंबून असतात. सामाईक धुऱ्यावर शेजाऱ्याला न विचारता नांगर घातला तर काय होते, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक पाथ कायमचा बदलणाऱ्या सेटएक्स या विंडोजच्या कमांडची आहे. विंडोजमध्ये सिस्टिमचा आणि वापरकर्त्याचा असे दोन पाथ असतात. कमांड विंडोत ते जोडून दिसतात, आधी सिस्टिमचा आणि मग वापरकर्त्याचा. ही जोडलेली यादी उचलून, तिच्या शेवटी आपले फोल्डर चिकटवून सेटएक्सला दिली, तर सिस्टिमच्या नोंदी वापरकर्त्याच्या पाथमध्ये शिरतात आणि १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापला जातो.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, संगणक वर्गात, एक विद्यार्थी सोयाबीनच्या बाजारभावांचा आलेख काढत होता. त्यासाठी त्याने घेतलेल्या एका लायब्ररीच्या सेटअप फाइलमध्ये नेमकी हीच कमांड होती. मजकूर कापल्याची सूचना सेटएक्स देते, परंतु पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररी बसवणारे पिप सेटअप फाइलचे आउटपुट सहसा दाखवत नाही, त्यामुळे ती कोणाच्याही नजरेस पडली नाही. पायथन फक्त त्याच्या खात्यापुरते बसवलेले असल्याने त्याची नोंद यादीच्या शेवटाकडे होती आणि तीच कापली गेली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “सर, काल तं चालू होतं जी!” तोवर त्याने, वीज होती तेवढ्या वेळात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पायथन पुन्हा उतरवून बसवले होते, मात्र इन्स्टॉलरमधील पाथमध्ये नोंद घालण्याची चौकट मुळात रिकामी असते आणि घाईत ती तशीच राहिली होती. बिघाड काय आहे हे न पाहता पुन्हा इन्स्टॉल करणे ही अधीर माणसाची ठरलेली चूक आहे. त्यात मोबाइलचा डेटा खर्च होतो आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

मी पाथ कमांड देऊन यादी शेवटपर्यंत वाचली, तेव्हा अखेरची नोंद फोल्डरच्या नावाच्या मधोमध तुटलेली आढळली. ही खूण दिसली की दुसरीकडे शोधण्याचे कारण उरत नाही. वापरकर्त्याच्या पाथमध्ये शिरलेल्या सिस्टिमच्या नोंदी काढून टाकणे सोपे होते. परंतु जुनी यादी कोणाकडेच नसल्यामुळे पायथन, गिट आणि जावा यांचे फोल्डर हाताने शोधून एकेक नोंद भरावी लागली. म्हणूनच काहीही बसवण्यापूर्वी दोन्ही पाथ वेगवेगळे कॉपी करून, तारीख घालून, नोटपॅडच्या फाइलमध्ये ठेवण्याची सवय मी स्वतःला लावली आहे आणि विद्यार्थ्यांनाही लावतो.

पाथ बदलूनही जुन्याच कमांड विंडोत प्रयत्न करत बसू नका. नवी विंडो उघडा.

वापरकर्त्याच्या पाथमध्ये नवे पायथन जोडले आणि तरी जुनेच चालते, तर सिस्टिमच्या पाथमधील जुने आधी सापडत असते. व्हेअर कमांड दोन्हींचा पत्ता क्रमाने दाखवते.

लिनक्सवर पाथमध्ये भर घालताना जुना पाथ लिहायचा राहिला, तर फोल्डरातील फाइल दाखवणारी एलएस ही साधी कमांडसुद्धा सापडत नाही. बदल फक्त त्या टर्मिनलपुरता असेल, तर ते बंद करून नवे उघडा.

अनेकांना पाथ बदलण्याची मुळात गरजच नसते. पायथन चालत असेल, तर पिप त्याचे मॉड्यूल म्हणून चालवता येते. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून पायथनसोबत येणारे व्हेन्व्ह, म्हणजे एका कामाच्या लायब्ररी वेगळ्या ठेवणारे फोल्डर, सुरू केले, की पाथ त्या विंडोपुरताच बदलतो आणि विंडो बंद केल्यावर बदलही जातो. मी प्रत्येक कामासाठी वेगळे व्हेन्व्ह करतो आणि पाथ बदलण्याचा आडमार्ग वर्गात शिकवतच नाही.

लायब्ररी लिहिणाऱ्यांनी पिपचे वागणे पाहावे. कमांडचे फोल्डर पाथमध्ये नसेल, तर पिप त्याचा पूर्ण पत्ता सांगून सावध करते आणि बदल माणसावर सोडते. केवळ डीएलएल (विंडोजमधील प्रोग्रामना लागणारी तयार कोडची फाइल) सापडावी म्हणून पाथला हात लावणाऱ्यांसाठी पायथन ३.८ पासून अॅड डीएलएल डिरेक्टरी हे फंक्शन आहे, आणि त्याचा परिणाम चालू प्रोग्रामपुरताच राहतो.