ऑफिसात स्विच उघडतो, व्हीपीएनवरून नाही : माझा अनुभव

ऑफिसात बसून नेटवर्क स्विचचं (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणाचं) सेटिंगचं पेज उघडायचं, पिंगही (उपकरण उत्तर देतं का, ही चाचणी) लागायचा. घरून व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित मार्ग) लावला की दोन्ही बंद, एसएनएमपीचा (उपकरणांवर दुरून नजर ठेवायच्या पद्धतीचा) आलेख कोरा. फायरवॉलचे नियम तपासले, कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) बदलली, स्विच रीस्टार्ट केला. दोन रात्री गेल्या, जीव मेटाकुटीला आला.

स्विचचा गेटवे (आपल्या नेटवर्कबाहेर जायच्या वाटेचा पत्ता) ०.०.०.०, म्हणजे रिकामा होता. विनंती पोचायची, पण व्हीपीएनसारख्या दुसऱ्या सबनेटला (नेटवर्कच्या वेगळ्या भागाला) उत्तर पाठवायची वाटच त्याला ठाऊक नव्हती.

आधी रिमोट डेस्कटॉपने ऑफिसातल्या पीसीवर गेलो, तिथून स्विचचं पेज उघडलं. मॅनेजमेंट व्हीलॅनच्या (स्विच सांभाळायच्या आभासी नेटवर्कच्या) आयपी सेटिंगमध्ये डिफॉल्ट गेटवे म्हणून त्याच सबनेटमधला राउटरचा पत्ता, १९२.१६८.१०.१, टाकून अप्लाय केलं. घरून पिंग लागल्यावरच कॉन्फिगरेशन सेव्ह केलं. चुकीचं सेव्ह झालं तर रीस्टार्टनेही सुटका नाही. मग एसएनएमपीच्या परवानगी यादीत मॉनिटरिंग सर्व्हरचा आयपी घातला. यूडीपी १६१ या एसएनएमपीच्या पोर्टवरून उत्तर आलं, आलेख भरू लागला.