जुना लाकडी ट्रॉलर शाकारताय? या चुका टाळा

लाकडी ट्रॉलर कुजतो तो गोड्या पाण्याने. पावसाचं पाणी, मासळीच्या खणात बर्फ वितळून मुरलेलं पाणी, डेकच्या फटीतून झिरपून वांकांच्या, म्हणजे फळ्या ज्यावर ठोकतात त्या आतल्या वाकड्या बरगड्यांच्या, डोक्यावर थांबलेलं पाणी. खाऱ्या पाण्यात मुरलेल्या लाकडावर कुजवणारी बुरशी सहजासहजी वाढत नाही, आणि कायम पाण्याखाली राहणाऱ्या भागात तिला हवाच मिळत नाही. म्हणून जुन्या सागवानी बोटीचा तळ ठणठणीत आणि डेकची कड मात्र भुसा झालेली, असं हमखास आढळतं. समुद्राच्या पाण्याचे धोके वेगळे आहेत, कीड आणि गंज. त्यांच्याकडेही येऊ.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी. बोट वर काढून शाकारायचा, म्हणजे झाकून ठेवायचा, आणि डागडुजी करायचा काळ आणि सगळ्यात जास्त गोडं पाणी पडायचा काळ एकच. पुढे दिलेल्या बहुतेक चुका याच दोन महिन्यांच्या घाईतून होतात.

बोट टेकवताना: टेकू फळीवर, वजन कुठेही

बोटीचं सगळं वजन पठाणीवर, म्हणजे तळाच्या मधल्या लांब कण्यावर, यायला हवं. बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळण्यासाठी असतात. पठाणीखाली दर दीड ते दोन मीटरवर लाकडी ठोकळा हवा आणि सगळे ठोकळे एका रेषेत. इंजिनाखाली आणि बर्फाच्या खणाखाली ठोकळे जास्त जवळ घ्या. बाजूचा टेकू दोन वांकांच्या मधल्या फळीवर लावला तर फळी आत दबते, तिचे खिळे ढिले होतात आणि पुढच्या हंगामात नेमका तोच सांधा गळतो. टेकू नेहमी वांक जिथे आहे तिथेच लावा, आणि टेकू व फळी यांच्या मध्ये रुंद पाटी घाला.

टेकवल्यावर नाळेपासून (पुढच्या टोकाचं उभं लाकूड) पिछाडीपर्यंत पठाणीलगत दोरी ताणून बघा. मध्यभागी पठाण वर उचललेली दिसली, म्हणजे टोकं खाली झुकली, तर ठोकळ्यांची उंची तिथल्या तिथे दुरुस्त करा. वाकलेल्या अवस्थेत फळ्या बदलल्या तर तो वाक कायमचा बसतो. नाळेकडची बाजू थोडी उंच ठेवा, म्हणजे तळात पडलेलं पाणी मागच्या बुचाकडे वाहत जाईल. आणि बूच काढा. हे वाचायला क्षुल्लक वाटतं, पण बूच न काढता शाकारलेल्या बोटीत जुलैअखेर गुडघाभर गोडं पाणी सापडतं.

ताडपत्री थेट डेकवर अंथरणं

प्लॅस्टिकची ताडपत्री डेकला चिकटून बांधली की पाऊस अडतो, पण आतली वाफही अडते. दमट हवेत लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला एवढंच पुरतं. त्यापेक्षा मधोमध आडवा वासा बांधून त्यावरून ताडपत्री दोन्ही बाजूंना उतरवा, डेकपासून किमान दोन फूट वर, आणि पुढची-मागची तोंडं उघडी ठेवा. नारळाच्या झापांचं छप्पर यासाठीच चांगलं असतं, ते पाणी उतरवतं आणि हवा सोडतं. खणांची झाकणं काढून ठेवा, तळाच्या फळ्या उचला, केबिनची दारं बांधून उघडी ठेवा.

मे महिन्याच्या शेवटी बोट वर आली की पाऊस सुरू होईपर्यंत उलटा त्रास असतो. पश्चिमेकडच्या बाजूला दुपारचं ऊन लागून फळ्या आकसतात, सांधे उघडतात, फळीला उभ्या चिरा जातात. त्या बाजूला गोणपाटं टांगून ती समुद्राच्या पाण्याने ओली ठेवा. हंगामातही डेक धुवायला खारं पाणीच वापरा.

वरचा रंग बघून लाकूड ठीक आहे असं धरून चालणं

रंगाचा थर शाबूत असतो आणि त्याच्या मागे लाकूड उरलेलं नसतं. छोट्या हातोड्याने फळी फळी ठोकत जा. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. जिथे आवाज बदलतो तिथे बारीक टोच्याने दाबून बघा. टोच्या लाकडात सहज रुतला आणि लाकूड लांब ढलपी न निघता आखूड तुकड्यांत तुटलं, तर ते संपलेलं आहे.

जाड लाकडाला, म्हणजे पठाण, नाळ, इंजिनाचे पाट (इंजिन ज्यावर बसतं ती लाकडं) यांना, बाहेरून ठोकून पुरेसं कळत नाही. तिथे ४ ते ५ मिलिमीटरच्या बिटाने हळू भोक पाडा आणि बाहेर येणारा भुसा बोटावर घेऊन बघा. कोरडा, फिकट आणि लाकडाचा वास असलेला भुसा येईपर्यंत ठीक. मध्येच बिट एकदम सैल पडलं, काळपट चिखल आला किंवा बुरसट वास आला, की आत पोकळी आहे. तपासून झाल्यावर भोकात लाकडी खुंटी राळ लावून ठोका.

किडीचं निदान आणखी फसवं आहे. टेरेडो हा दिसायला अळीसारखा, पण जातीने शिंपल्याच्या कुळातला. तो अगदी लहान असताना टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून लाकडात शिरतो आणि आत वाढत जातो. बाहेरचं भोक तेवढंच राहतं, आत मात्र बोटाएवढ्या जाडीच्या नळ्या होतात आणि त्यांच्या भिंतींना पांढरा चुन्यासारखा थर असतो. त्यामुळे तळावर चार-पाच बारीक भोकं दिसली तर त्यावर पुट्टी मारून मोकळं होऊ नका. त्या जागी बिट घाला. पांढरी पूड आली तर फळीचा तेवढा भाग बदलावाच लागेल. बोट दोन महिने वर राहिली की आतली कीड मरते हे खरं, पण नळ्या तशाच राहतात आणि फळीचा जोर गेलेला असतो.

तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत: पठाणीलगतची पहिली फळी, नाळेत फळ्यांची टोकं बसतात ती खाच, शाफ्टच्या (इंजिनापासून पंख्याकडे जाणारा दांडा) नळीभोवतालचं लाकूड, डेक आणि बाजू जुळतात ती कड, कठड्याचे खुंट जिथून डेकमधून खाली जातात ती जागा.

बर्फाच्या खणाच्या मागे न बघणं

जुन्या ट्रॉलरमधली ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. खणाला आतून फायबरचं अस्तर असतं, त्यामागे थर्माकोल किंवा पफ (थंडावा धरणारा फोम), आणि त्यामागे वांक व फळ्या. अस्तराला एक तडा गेला की बर्फाचं गोडं पाणी मागच्या थरात मुरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं आणि आत वांकांची खालची टोकं हाताने उपटता येतील अशी झालेली असतात.

बोट विकत घेताना किंवा मोठी डागडुजी काढताना खणाच्या चारही कोपऱ्यांत, तळापासून एक वीत वर, अस्तराचा हातभर तुकडा कापून आत बघाच. थर्माकोल जड आणि ओला लागला तर सगळं अस्तर काढायचं. परत बसवताना वांक आणि थर्माकोल यांच्यात पट्ट्या लावून बोटभर हवेची जागा सोडा, आणि त्या जागेतलं पाणी तळात उतरून पंपाकडे जाईल अशी वाट ठेवा. प्रत्येक वांकाखाली पाणी जायला खाच असते. ती डांबराने किंवा सिमेंटने बुजलेली असेल तर आधी मोकळी करा. पाणी अडू नये म्हणून तळात सिमेंट ओतण्याची पद्धत आहे, पण सिमेंट आणि लाकूड यांच्यात फट पडतेच आणि मग त्या फटीतलं पाणी कधीच वाळत नाही.

वांक चांगला आहे, पण धोका वाटतो, अशा ठिकाणी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण उपयोगी पडतं: १० लिटर गरम पाण्यात ९०० ग्रॅम बोरॅक्स आणि ६०० ग्रॅम बोरिक ॲसिड, ब्रशने तीन-चार वेळा, लाकूड ओलसर असतानाच. हे पाण्यात धुऊन जातं, म्हणून पाण्याखालच्या बाहेरच्या भागाला त्याचा उपयोग नाही. मासे ठेवायच्या खणाच्या आतल्या बाजूला ते लावू नका.

फळीचे जोड एकाखाली एक

सडलेला तेवढाच तुकडा कापून नवा बसवण्याचा मोह होतो. मग शेजारच्या तीन फळ्यांचे जोड एकाच रेषेत येतात आणि लाटेत बोट तिथेच वाकते. लागून असलेल्या दोन फळ्यांच्या जोडांमध्ये किमान तीन वांकांचं अंतर हवं. एकाच गाळ्यात, म्हणजे दोन वांकांमधल्या जागेत, दोन जोड आणावेच लागले तर मध्ये तीन अखंड फळ्या हव्यात. जोड वांकावर न घेता दोन वांकांच्या मध्ये घ्या आणि आतून फळीच्याच जाडीचा ठोकळा लावा. ठोकळ्याची वरची कड उतरती करा, नाहीतर तिथे पाणी साचून नवीन कुज सुरू होते.

कच्चं लाकूड ही वेगळी डोकेदुखी. ओली फळी बोटीवर बसल्यावर वाळते, आकसते आणि सांधा उघडा पडतो. फळीचं लाकूड एप्रिलपूर्वीच आणून सावलीत, पट्ट्या घालून रचून ठेवा.

सांध्यात कडक लांबी भरणं

लांबी म्हणजे फटी बुजवायची पुट्टी. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. लाकूड पाण्यात फुगतं आणि सांधा स्वतःहून दाबला जातो, लाकडी बोट पाणी धरून राहते ती याच गुणामुळे. कोरड्या सांध्यात इपॉक्सी किंवा मोटारीच्या बॉडीला वापरतात ती पुट्टी ठासून भरली, तर फुगणाऱ्या फळीला जागाच उरत नाही. मग ती खिळे उपसते, नाहीतर वांक तडकवते.

४० मिलिमीटरच्या फळीला सांध्याचं तोंड बाहेरून ३ ते ४ मिलिमीटर उघडं आणि आतल्या बाजूला फळ्या एकमेकींना टेकलेल्या हव्यात. कापसाची दोरी छोटे छोटे वळसे घालत पोलादी छिन्नीने आत बसवा. कापूस पृष्ठभागापासून साधारण १० मिलिमीटर आत राहू द्या. ठोकताना आवाज घट्ट येऊ लागला की थांबा, जास्त ठोकलं तर कापूस आतल्या बाजूने बाहेर पडतो. त्यावर पातळ रंगाचा हात, मग जवसाचं तेल, खडूची पूड आणि शेंदूर यांची मऊ लांबी, किंवा राळ आणि तेल उकळून केलेलं मिश्रण. शेंदूर हे शिसं आहे, हातमोजे घाला. लांबी किंचित खोलगट ठेवा, फळी फुगल्यावर ती पृष्ठभागाला येते.

दोन गोष्टींचा क्रम चुकवू नका. खिळे बदलायचे असतील तर ते आधी, कापूस नंतर. आणि एका बाजूचे सगळे सांधे एकदम उघडू नका, दोन-दोन ओळी करत जा.

कुजलेल्या बोटीवर फायबर चढवणं

नव्या, कोरड्या लाकडावर फायबरचं आवरण किडीपासून चांगलं रक्षण करतं. जुन्या, ओल्या, खिळे हललेल्या बोटीवर तेच आवरण आतली कुज झाकतं आणि वाढवतं. फळ्या हलत राहतात, फायबर हलत नाही, म्हणून ते सुटतं. मग त्या फटीत पाणी शिरतं आणि कुठून शिरलं ते शोधता येत नाही. सागाच्या तेलकट लाकडावर फायबर चिकटवायचं पॉलिस्टर रेझिन मुळातच नीट धरत नाही. पठाण आणि निम्म्याहून जास्त वांक गेलेले असतील तर फायबर चढवून बोट वाचत नाही, तो खर्च करू नका.

खिळे आणि जस्त

गरम जस्तात बुडवलेले खिळेच घ्या. चकचकीत पातळ मुलाम्याचे खिळे खाऱ्या पाण्यात फार टिकत नाहीत. पाण्याखाली स्टेनलेसही सुरक्षित नाही, कारण ओल्या लाकडात हवा मिळत नसल्याने ते गुपचूप खाचे पडून तुटतं. जुन्या भोकात तोच नवा खिळा ठोकू नका. भोकात खुंटी मारा आणि शेजारी नवं भोक पाडा.

पंख्याजवळच्या जस्ताच्या वड्या बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजतात, त्या निम्म्या झिजल्या की बदला. त्यांना रंग लावायचा नाही. पण जास्त वड्या लावल्या तर जास्त संरक्षण, हा समज लाकडी बोटीत घातक आहे. गरजेपेक्षा जास्त जस्त असलं की धातूच्या बोल्टभोवती अल्कली तयार होते आणि तिथलं लाकूड मऊ, केसाळ होतं. बोल्टभोवती पांढरट थर दिसला तर वड्या कमी करा.

ग्लँड आवळून गळती बंद करणं

शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारी, पॅकिंग भरलेली पेटी म्हणजे ग्लँड. तिच्यातून पाण्याचा थेंब पडायलाच हवा. इंजिन चालू असताना मिनिटाला ५ ते १० थेंब, बंद असताना जवळजवळ नाही. पूर्ण कोरडी आवळली तर पॅकिंग जळतं आणि शाफ्टवर खाच पडते. अशा शाफ्टला मग कुठलंही पॅकिंग धरत नाही. नवं पॅकिंग घालताना जुन्याच्या सगळ्या कड्या आकड्याने काढा. नव्या कड्यांची टोकं तिरपी कापा आणि प्रत्येक कडीचा जोड आधीच्यापासून १२० अंश फिरवून बसवा. दोन्ही नट सारखे आवळा. अर्धा तास चालवल्यावर ग्लँडवर हात ठेवता आला पाहिजे.

पाण्यात उतरवल्यावर लगेच निघणं

उतरवण्याआधी दोन-तीन दिवस फळ्यांवर खारं पाणी मारत राहा. पंप आणि भरलेली बॅटरी तयार ठेवा. पहिल्या दिवशी सांध्यांतून पाणी येईल, दोन ते तीन दिवसांत ते कमी व्हायला हवं. दर तासाला किती बादल्या निघतात ते लिहून ठेवा. आकडा उतरत नसेल तर बोट परत वर घ्या.

शाफ्टची रेषा किनाऱ्यावर जुळवून उपयोग नाही, कारण पाण्यात बोटीचा आकार थोडा बदलतो. दोन दिवस तरंगू द्या, मग कपलिंगचे (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्यांचे) बोल्ट सोडून चार ठिकाणी फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, फट मोजा. १५० मिलिमीटरच्या कपलिंगला चारही बाजूंतला फरक ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. शाफ्ट पाव फेरा फिरवून परत मोजा. फरक शाफ्टबरोबर फिरला तर शाफ्ट किंवा कपलिंग वाकडं आहे. तो एकाच जागी राहिला तर इंजिनाचे पाय उचलून किंवा खाली करून जुळवा आणि पाटांचे बोल्ट आवळून तीच मोजणी पुन्हा करा.